पाच कोंबड्या आणि तिखटाची गौर

श्रावण लागला की आमच्या भागात दोन गोष्टी हमखास होतात. अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोमवारी पाय ठेवायला जागा राहत नाही, आणि बदलापूरच्या पुढचे पोल्ट्रीवाले कोंबड्या फुकट द्यायला तयार होतात. पहिली गोष्ट शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दुसरी मला साठी उलटल्यावर कळली.

त्यामागचं गणित सोपं आहे. अंड्यांच्या कोंबड्या वर्ष-दीड वर्ष पिंजऱ्यात अंडी देतात. अंडी कमी झाली की मालक त्यांना व्यापाऱ्याच्या गाडीत भरून मोकळा होतो. ही गाडी गटारीच्या आधी आली तर ठीक, कारण गटारीला सगळं गाव कोंबडीवर तुटून पडतं. पण गाडी चुकली आणि श्रावण लागला, की त्या कोंबड्यांना कुत्रं विचारत नाही. मालकाला महिनाभर त्यांना नुसतं खायला घालावं लागतं. मग तो आम्हाला फोन करतो. ‘घेऊन जावा ताई, पुण्य लागंल,’ म्हणतो. पुण्य त्याला लागणार की आम्हाला, हे तो सांगत नाही.

आम्ही म्हणजे खरं तर दोघीच. मी, आणि उल्हासनगरची एक सिंधी भाभी. तिचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. आमच्या बुवापाड्यातल्या कितीतरी बायकांसारखे मीही वर्षानुवर्षं तिच्या पँटींचे धागे कापले आहेत. गठ्ठा घरी यायचा, मी दारात बसून धागे कापायचे, गठ्ठा परत जायचा. डोळे अधू झाले तेव्हा मी काम सोडलं, पण भाभीने मला सोडलं नाही. ती मला ‘अदी’ म्हणते. सिंधीत ताईला अदी म्हणतात. तीन वर्षांपूर्वी तिने फोनवर कुठलातरी व्हिडिओ पाहिला, त्यात पिंजऱ्यातल्या कोंबड्या सोडवून लोकांच्या घरी नेऊन देत होते. ती तडक माझ्याकडे आली. ‘अदी, तू फक्त हो बोल. गाडी माझी, जागा तुझी.’ माझ्या घरामागे पत्र्याचं छप्पर घातलेली पडवी आहे आणि चार हात मोकळी जमीन आहे, तेवढ्यावर तिचा डोळा होता. मी हो म्हटलं. आमचा एक फोनवरचा ग्रुपही आहे, त्यात अंगठे दाखवणारे पुष्कळ आहेत. कोंबड्या उतरवायच्या दिवशी त्यातला एकही उगवत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी तोंड वाकडं करायला नको. मी कोंबडी खाते. आवडीने खाते. आम्ही मूळचे देशावरचे, रविवारी रस्सा नसला तर घरात कोणी धड बोलत नाही. आमचे हे मला चिडवतात, ‘एका हाताने वाचवायची, दुसऱ्या हाताने भुरकायची!’ मी त्यांना सांगते, तुम्ही दोन्ही हातांनी भुरकता, तेव्हा गप्प बसा. यापेक्षा चांगलं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

गेल्या श्रावणातल्या कोंबड्यांची ही गोष्ट आहे. शेडवर पोचलो तर वास असा की डोळ्यांतून पाणी आलं. मालक पिंजऱ्यात हात घालून एकेकीला पायाला धरून उलटी बाहेर ओढत होता. मी म्हटलं, ‘अहो, सरळ धरा.’ तो म्हणाला, ‘ताई, सगळे असंच धरतात.’ मी म्हटलं, ‘तुम्हाला असं धरलं तर चालेल का?’ तो हसला, पण नंतरच्या त्याने दोन्ही हातांनी धरून दिल्या. भाभीच्या गाडीत मागच्या सीटवर जीन्सचं कापड अंथरलं होतं, त्यावर प्लॅस्टिकचे क्रेट ठेवले. सगळ्या पांढऱ्या, पण पांढरं असायला पिसं तर हवीत. कुणाची पाठ उघडी, कुणाची मान उघडी, नखं वाढून वाकडी झालेली. परत येताना भाभी सारखी आरशात मागे बघत होती आणि सारखी म्हणत होती, ‘अदी, ये तो नंगी आहेत!’

या कोंबड्यांना कोंबडी कसं व्हायचं ते येत नाही. लोकांना हे पटत नाही, पण खरं आहे. मातीवर सोडल्या तर त्या पाय वर उचलून धरतात, खाली काय आहे ते कळत नाही म्हणून. मोकळ्या पडवीत सोडल्या तरी भिंतीला लागून ओळीने उभ्या राहतात, पिंजऱ्यात उभ्या असायच्या तशाच, मधली जागा रिकामी. वाटीत पाणी ठेवलं तर वाटीकडे ढुंकून बघत नाहीत, कारण शेडमध्ये त्या नळीच्या टोकाला चोच मारून थेंब थेंब प्यायच्या. शेवटी आमच्या ह्यांनी बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडलं आणि ती वाटीवर उलटी टांगली. थेंब गळताना बघून एकीने चोच मारली, थेंबामागून वाटीपर्यंत गेली आणि तिला एकदम पाण्याचा शोध लागला. मग बाकीच्यांना. चोचीची टोकं लहानपणीच कापलेली, त्यामुळे फरशीवर टाकलेला दाणा उचलता येत नाही, खोल भांड्यातच द्यावा लागतो. संध्याकाळी कुठलीही गावठी कोंबडी आपोआप उंचावर जाऊन बसते. या जिथे अंधार होईल तिथेच बसकण मारतात. मग मी एकेकीला उचलून फळीवर ठेवायचे, ती खाली उडी मारायची, मी परत ठेवायचे. माझी कंबर गेली, पण त्यांना फळी कळली.

शेजारणीला वेगळाच संशय. ‘श्रावणात कोंबड्या आणल्या?’ असं तिने भिंतीवरून तीनदा विचारलं. खायला नाही आणल्या, हे मी तीनदा सांगितलं आणि तिने तीनदा मान डोलावली, मनापासून एकदाही नाही. त्यातच या कोंबड्या ऊन-माती मिळाल्यावर धडाधड अंडी द्यायला लागल्या. ज्यांची अंडी संपली म्हणून काढून टाकलं होतं त्याच! पण श्रावणात आमच्याकडे अंडंही चालत नाही. टोपली भरली. शेवटी नाक्यावरच्या चायनीजच्या गाडीवाल्याला नेऊन दिली. त्याने श्रावण पाळला नव्हता.

जाकिटांचं प्रकरण मात्र मला विसरताच येत नाही. पावसाची झड लागली आणि उघड्या कोंबड्या कुडकुडायला लागल्या. भाभीने परदेशातल्या कोंबड्यांना लोकरीचे स्वेटर घातलेले बघितले होते. तिने कारखान्यातल्या मास्तरला कामाला लावलं. कारखान्यात लोकर कुठून येणार? जीन्सची कतरण मात्र पोत्यांनी पडलेली. दुसऱ्या दिवशी ती पिशवीभर जाकिटं घेऊन आली. निळी, काळी, एकाला तर मागे खिसा. पंखांसाठी भोकं, पोटाखाली टिचबटण. आम्ही दोघींनी अर्धा दिवस घालवून सगळ्यांना जाकिटं घातली. कोंबड्या जागच्या जागी बसल्या. उठेचनात. एक उठली आणि तोंडावर आपटली. तेवढ्यात वारा फिरला, पाऊस आत आला, जीन्स भिजली आणि प्रत्येकीच्या अंगावर तिच्याएवढंच वजन चढलं. आमचे हे दारात उभे राहून हसत होते, इतके की खोकला लागला. जाकिटं काढली, ती तीन दिवस दोरीवर वाळत होती, आणि येणारा-जाणारा विचारायचा, एवढ्या लहान पँटी कोणाच्या? पिसं पुढे आपली आपणच आली. भाभीला अजून वाटतं की चूक कापडाची होती, कल्पना उत्तम होती.

आमचे नियम दोन. एक, कोंबडीला नाव ठेवायचं नाही, कारण नाव ठेवलं की जीव अडकतो. दोन, ज्याच्याकडे उतरवल्या त्याने ठेवून घ्यायच्या नाहीत. नाहीतर माझी पडवी पहिल्याच खेपेला भरली असती आणि काम तिथेच संपलं असतं. पहिला नियम मी पाळला. पण बिननावाचाही जीव अडकतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

उघड्या मानेची एक होती. मी मागच्या मोरीपाशी भांडी घासायला बसले की बाकीच्या ओळीत उभ्या, आणि ही सरळ येऊन माझ्या पावलावर चढून उभी राहायची. जमिनीवर नाही, पावलावरच. मी पाय हलवला की रागाने कुरकुरायची, हलवला नाही तर डोळे मिटायची. भांडी घासून झाली तरी मी उठत नसे. एकदा आमचे हे म्हणाले, ‘ही राहू दे आपल्याकडे.’ मी त्यांच्यावरच खेकसले, नियम म्हणजे नियम. खरं तर मलाही तेच म्हणायचं होतं, म्हणून राग आला.

दोन-दोन, तीन-तीन करत कोंबड्या घरी लागल्या. बदलापुरात अंगण असलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याने नेल्या. शहाडजवळच्या एका नर्सरीवाल्याने गोगलगायी खातील म्हणून नेल्या, आणि त्यांनी गोगलगायी सोडून मिरचीची रोपं खाल्ली म्हणून फोनवर माझ्याशी भांडला. शेवटी पाच उरल्या, त्यात ही उघड्या मानेची. त्या पाच नेल्या बदलापूरजवळच्या गावातल्या एका आगरी मावशीने.

मावशी माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी असेल. जमिनी बिल्डरला गेल्या, तिथे टॉवर उभे राहिले, हिचा तीन मजली बंगला झाला. दारात मोठी गाडी, गळ्यात ठसठशीत सोनं. पण बंगल्यामागचा वाडगा तिने विकू दिला नाही. तिथे पेरूची झाडं, शेवगा आणि कोंबड्यांचं खुराडं. तिची मोठी सून भाभीच्या ओळखीची, त्यातून हे जुळलं. मावशी स्वतः गाडीत बसून माझ्या घरी आली, कोंबड्या उलटसुलट करून बघितल्या आणि म्हणाली, ‘हाडं वर आल्यात गो यांची.’

मी नेहमीसारखा शब्द मागितला. ‘मावशी, या कापायच्या नाहीत. अंडी बंद झाली तरी नाही. शब्द द्या.’

तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच ओशाळले. ‘शब्द कसला मागतंस? माजे दारानशी आजवर कोन उपाशी नाय गेला.’

हे उत्तर आहे की नाही, याचा मी तेव्हा विचार केला नाही. श्रावण चालू होता. श्रावणात कोणी कापत नाही. पुढे गणपती, तेव्हाही घरात कोंबडी शिजत नाही. तोवर महिना उलटतो, कोंबड्या अंगणात रुळतात, घरच्यांना लळा लागतो आणि मग सुरी उचलवत नाही. हा आमचा तीन वर्षांचा अनुभव, आणि मी त्यावर निर्धास्त होते. उघड्या मानेची क्रेटमध्ये जाताना माझ्याकडे न बघता गेली. मी रात्री जेवले नाही, पित्त झालंय म्हणून सांगितलं.

मग गणपती आले, गौरी आल्या. गौरी बसल्या त्या संध्याकाळी मावशीचा फोन. ‘उद्या आमची गवर जेवते. तू पन जेवाला ये, भाभीला पन आन. तिखटाचा सन हाय.’

‘तिखटाचा म्हणजे?’

‘म्हंजे काय? वशाट! आमची गवर गोड नाय खात, तिखट खाते.’

आमची गौर पुरणपोळी खाते. सोळा भाज्या खाते. गौरी घरात असताना आम्ही कांदा चिरतानाही विचार करतो. अंबरनाथला जन्म गेला, आजूबाजूला आगऱ्यांची गावं, आणि यांच्या गौरीला मटण-कोंबडी-चिंबोऱ्यांचा नैवेद्य लागतो हे मला माहीत नव्हतं. माझं सगळं गणित श्रावणावर, आणि यांचा मोठा जेवणाचा सण मला दिसलाच नाही.

मी जीव मुठीत धरून आडून विचारलं, ‘मावशी, कोंबड्या कशा आहेत?’

‘कोंबऱ्या? मस्त भरल्यात. बघशील तं वलखाच्या नाय.’ आणि फोन ठेवला.

आमचे हे म्हणाले, ‘सरळ विचार ना.’ काय विचारू? उद्याच्या पातेल्यात माझी कोंबडी आहे का, असं? आमंत्रण देणाऱ्या बाईला? ते म्हणाले, ‘पण तिने शब्द दिला होता ना?’ मी तिचे शब्द आठवले. माझ्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही. तिने शब्द दिलाच नव्हता. तिने मला जेवायला बोलावलं होतं.

सकाळी उठले, गौरीसाठी पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, पण चित्त थाऱ्यावर नाही. एक पोळी करपली, एक फुटली. आरती करताना मी टाळ्या वाजवत होते आणि डोळ्यांपुढे उघडी मान. गौरीपुढे हात जोडले तेव्हा मी नवऱ्याचं, मुलांचं काही मागितलं नाही, ती कोंबडी मागितली. नैवेद्य दाखवून झाला आणि माझ्या डोक्यात एक युक्ती आली. पाहुणीने कोंबडी नेली, तर घरची कापायचं कारणच काय? भाभी गाडी घेऊन अकराला येणार होती. मी यांना म्हटलं, ‘दुकानातून एक कोंबडी आणून द्या.’ ते जानवं घातल्यासारखे ताठ झाले. ‘घरात गौरी बसल्यात आणि मी कोंबडीच्या दुकानात? लोक काय म्हणतील?’ आयुष्यात एवढे सोवळे मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मग मीच गेले. अंगावर गौरीसाठी नेसलेली मोरपंखी पैठणी, नाकात नथ, केसांत गजरा. डोक्यावरून पदर पुढे ओढला, पण पैठणी कुठे लपणार? शिवमंदिराच्या रस्त्याला लागायच्या आधी एक दुकान आहे, आमचं नेहमीचं. दुकानात चिटपाखरू नाही. दुकानदाराने मला वरून खालपर्यंत बघितलं आणि त्याचे डोळे मोठे झाले. ‘ताई, तुमच्याकडे तर गौरी ना?’

‘आहेत.’

‘मग...’

‘तुम्ही कोंबडी द्या हो. प्रश्न नका विचारू.’

त्याने पिंजऱ्यात हात घातला आणि एक पांढरी काढली, पायाला धरून, उलटी. मी सवयीने म्हणणार होते, सरळ धरा. तोंड उघडलंही. पण कुठल्या तोंडाने म्हणणार? मी रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले. समोरून शेजारीण चालली होती, हातात दूर्वांची जुडी. तिने मला पाहिलं, दुकान पाहिलं, परत मला पाहिलं आणि मनापासून मान डोलावली. तिचा श्रावणातला संशय आज फिटला होता.

गाडीत काळी पिशवी पायाशी ठेवून बसले. भाभीला सगळं सांगितलं. ती गाडी चालवता चालवता थांबलीच. ‘अदी, तू चरी झाली का? वेडी? एक मुर्गी बचाने के लिए दुसरी कापून आणली?’ मी म्हटलं, ‘गाडी चालव.’ पण बदलापूर येईपर्यंत मी त्या पिशवीला पाय लागू दिला नाही.

मावशीच्या बंगल्यात माणसांची ही गर्दी. हॉलमध्ये तेरड्याच्या रोपांना साडी नेसवून, मुखवटा लावून गवर उभी, तिच्या टेबलाला जरीचा पडदा. मागून मसाल्याचा वास. आवाज पाट्यावरवंट्याचा नाही, मिक्सरचा, पण वास तोच. मी कोणाला नमस्कार न करता सरळ मागच्या दाराने वाडग्यात गेले. पेरूखाली कोंबड्या माती उकरत होत्या. पिसं इतकी भरलेली की खरंच ओळखू येईनात. मी मोजल्या. चार. परत मोजल्या. चार. खुराड्यात वाकून बघितलं, रिकामं. चौघींच्याही माना झाकलेल्या होत्या, पण मला काय ते कळलं. जिची मान उघडी होती तिचं चालणंच वेगळं होतं, ती यांच्यात नव्हती.

चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं. मावशी पळीने ढवळत होती. ‘आलीस? बस.’

माझ्याने बसवेना. सगळं शहाणपण, सगळी आडवळणं गळून पडली. मी पैठणीत उभी राहून रडायलाच लागले. ‘मावशी, पाचवी कुठे आहे?’

मावशीने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या काळ्या पिशवीकडे. तिने पळी खाली ठेवली, माझा दंड धरला आणि मला हॉलमध्ये गवरीपुढे नेलं. खाली वाकून टेबलाचा जरीचा पडदा वर केला. आत अंधारात, तांदळाच्या पाटीत, ती बसली होती. मानेवर पांढरीशुभ्र पिसं. माझ्याकडे तिने एका डोळ्याने रागाने पाहिलं.

‘ही रोज हितंच येते अंडा घालाला,’ मावशी म्हणाली. ‘मखर बांधलं तेच दिशी पन आली. पोरं हाकलाला लागली. मी सांगतलं, बसू द्या तिला, गवर काय बोलाची नाय.’

सगळे हसले. भाभी सगळ्यात मोठ्याने. मी तिथेच जमिनीवर बसले. एका पातेल्यात चिंबोऱ्या होत्या, दुसऱ्यात मटण होतं. कोंबडी नव्हतीच.

‘आता ती पिशवी दाव,’ मावशी म्हणाली. मी दाखवली. काय विचार करून आणली ते सांगितलं, म्हणजे सांगायला सुरुवात केली, तिने पुढचं आपलं आपण ओळखलं. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं आता ही मला घराबाहेर काढणार, आणि काढलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

‘गवर कोन हाय गो?’ ती म्हणाली. ‘माहेरवाशीन. सासरशी थकून येते, दोन दिस माहेरी जेवते. ह्या पन तशाच आलेल्या ना, हाडं वर आलेल्या? माहेरी आलेल्या पोरीला कोन कापतं?’

मग तिने पडद्याखाली हात घातला, कोंबडीला अलगद दोन्ही हातांनी काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. ‘येवढा जीव लागलाय तं ने. माजेवर भरोसा नसंल तं ने.’

ती गरम होती, जड होती. पंखाखालून हात घातला तर काळीज धडधडताना लागत होतं. मला ती न्यायची होती. इतकी न्यायची होती की भाभीने गाडीची किल्ली हातात घेतलेली मी पाहिली आणि मला बरं वाटलं. पडवी रिकामी होती, ह्यांची ना नव्हती, नियम माझाच होता आणि मोडणारीही मीच होते. पण नेली असती तर या बाईच्या दारातून, सगळ्या पाहुण्यांदेखत, तिचा शब्द खोटा ठरवून नेली असती. तो शब्द तिने पहिल्याच दिवशी दिला होता, तिच्या भाषेत तो तसाच देतात, आणि तो तिने पाळला होता.

मी म्हटलं, ‘नको मावशी. तिचं घर हेच आहे.’ आणि हात सोडले. ती मांडीवरून उतरली, साडीवर एक ठिपका टाकला, आणि वळूनसुद्धा न बघता पडद्याखाली निघून गेली. मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त आनंद झाला. दोन्ही खरं आहे.

‘आनि हिला काय करू?’ मावशीने काळी पिशवी उचलली. ‘हिला कोनी मागतली व्हती?’

कोणीच नाही. मी मान खाली घातली. तिने सुनेला हाक मारली. ‘धू आनि चुलीवर चरव. अन्न हाय, टाकाचा नाय.’

पंगतीला माझ्या पानात तिने स्वतःच्या हाताने वाढलं, चिंबोरी, मटण, आणि वाटीभर कोंबडीचा रस्सा. ‘तुजीच हाय, तूच खा.’ घरी माझ्या गौरी बसलेल्या, मी सकाळी पुरणाचा नैवेद्य दाखवून आलेली. मी खाल्लं. रस्सा फार चांगला झाला होता, आणि घास गिळताना मला त्या दुकानातल्या पांढरीची खरोखर लाज वाटली. वाटी मी पुसून संपवली, तिच्यासाठी आता एवढंच करता येत होतं. भाभी समोर बसून चिंबोरीचा नांगा फोडत होती.

निघताना मावशीने मला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, तांदूळ घातले. मी पाया पडले. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला, जोरात, थापटच म्हणा ना.

‘पुढचे वर्सी पन ये गो गवरीला,’ ती म्हणाली. ‘पन हात हलवत ये.’